सुटल्या जागी

लोक मला अजून विचारतात, तुम्ही परदेशी गेला होतात ना, मुलाची शर्यत बघायला? मी हो म्हणते. गेले होते हे खरंच आहे. शर्यत बघितली असं मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पण इतकं बारीक ऐकतंय कोण.

मी मूळची कर्जतची, भिसेगावची. सातवीची फायनल पास होऊन प्राथमिक शाळेत शिकवायला लागले आणि लग्न होऊन खालापुराकडच्या गावात आले. घर भातशेतीचं. गोठ्यात बैलांच्या दोन जोड्या, एक नांगराची आणि एक नादाची, म्हणजे शर्यतीची. नादाच्या जोडीला खुराक वेगळा, झूल वेगळी, आणि तिच्या अंगावरून दिवसातून दोनदा मालकाचा हात फिरायचा. माझ्या अंगावर त्या घरात कुणी इतक्या मायेने हात फिरवल्याचं मला आठवत नाही. हे मी रागाने लिहिते आहे आणि रागानेच लिहिणार आहे.

भात कापून झालं, शेतं वाळली की आमच्याकडे गाड्यांच्या शर्यती लागत. आमच्या बाजूची रीत अशी की लांब टोकाला एक निशाण रोवायचं, गाडी सुटायची, त्या निशाणाला वळसा घालायची आणि सुटली होती तिथेच परत यायची. हार-जीत सुटल्या जागी ठरायची. म्हणून मालकाने गाडी सोडायची, एक हाक द्यायची आणि तिथेच पाय रोवून उभं राहायचं. मध्ये हलला तर जोडी बिथरते, अपशकुन होतो, असं सगळे मानत. जोडी परत आली की तिच्या कपाळावर मालकानेच स्वतःच्या हाताने गुलाल लावायचा. दुसऱ्या कुणी लावलेला चालत नसे.

ह्यांची हाक सगळ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. पाताळगंगा नदीच्या अलीकडे दिली तर पलीकडच्या शेतातली माणसं माना वर करत. घरात कुठलीच गोष्ट हे जवळ येऊन सांगत नसत. बांधावरून हाक यायची, मी शाळेच्या वह्या तपासत असले तरी उठायचं आणि काय हवंय ते ओळखायचं. माझा मुलगा जन्मला त्या दिवशीही हे शर्यतीला होते. मुलगा झाल्याचं कळलं तरी शेवटची गाडी परत येईपर्यंत सुटल्या जागेवरून हलले नाहीत. संध्याकाळी आले ते गुलालाने माखलेल्या हातांनी. त्या हातांनी मी बाळ देईना, तर माझ्यावरच चिडले.

मुलगा एकच. अंगापिंडाने बापावर गेलेला, उंच, लांब हातांचा. ह्यांचा हिशेब सरळ होता, की हा शेती बघेल आणि आपल्यामागे जोडी सांभाळेल. मॅट्रिक झाल्यावर त्याने न विचारता फौजेत नाव दिलं. ज्या दिवशी निघाला त्या दिवशी हे ओटीवर पाठमोरे बसले होते. पोरगा पाया पडायला आला तेव्हा वळून म्हणाले, "जा. पाठ दावलीस ना घराला? आता तोंड दावू नको." मी मध्ये पडले तर माझ्यावरही डाफरले. मुलगा गेला, आणि शब्दाला इतका पक्का निघाला की सहा वर्षं त्याने खरंच तोंड दाखवलं नाही.

सुट्टीवर आला की तो माझ्या माहेरी, भिसेगावला उतरायचा. मी शाळेतून रजा टाकून एसटीने जायची. ह्यांना माहेरी काही कार्य आहे असं सांगायची. सहा वर्षांत माझ्या माहेरी इतकी कार्यं झाली की एखाद्या राजवाड्यात होणार नाहीत. ह्यांना सगळं कळत होतं. मी निघताना हे आपलं चुलीपाशी येऊन, दही झालंय, ताक झालंय असं काहीबाही बोलायचे आणि लोण्याचा डबा माझ्या पिशवीशेजारी आणून ठेवायचे. कुणासाठी ते कधी बोलले नाहीत. मी तो डबा घेऊन जायची आणि मुलाला सांगायची, मीच काढलंय. तेव्हा खरं सांगायला हवं होतं असं आता वाटतं.

फौजेत त्याची उंची बघून कुणीतरी त्याला होडीत बसवलं. मला हसूच आलं होतं. आमच्या नदीत होडी नाही. खोपोलीच्या पॉवरहाऊसचं पाणी सुटलं की ती भरते, पाणी थांबलं की दगड वर येतात. अशा नदीकाठचा पोरगा वल्ही मारणार. पण तो मारायला लागला आणि देशात पहिल्या चार-सहांत गेला. माहेरच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून, हातात लाटणं धरून त्याने मला एकदा सगळं दाखवलं होतं. चौघं एकामागे एक बसतात. होडी पुढे जाते आणि बसणाऱ्याचं तोंड मागे असतं, म्हणजे आपण कुठे चाललोय ते दिसत नाही, कुठून निघालो तेवढंच दिसतं. एकदा सुटली की सरळ दोन किलोमीटर. मी विचारलं, आणि परत? तो म्हणाला, परत नाही, जिथे पोचायचं तिथे संपलं. ते मी ऐकलं होतं आणि माझ्या चांगलं लक्षात होतं.

पुढे त्याचं पत्र आलं की चौघांच्या होडीत त्याची निवड झाली आहे आणि जर्मनीत मोठी शर्यत आहे. मी पत्र नेहमीप्रमाणे परसात बसून मोठ्याने वाचलं. ह्यांनी ऐकू यावं म्हणून मी पत्रं मोठ्यानेच वाचत असे आणि हे गोठ्यात उभे राहून, ऐकत नसल्यासारखे ऐकत. त्या दिवशी बाहेर आले, हातातली वैरण खाली टाकली आणि म्हणाले, "आपून जाऊ." मला वाटलं भिसेगावला. म्हणाले, "तिकडं जाऊ. त्याची गाडी बगायला."

ही ह्यांची माफी होती. इतर माणसं दोन शब्द बोलून मोकळी होतात. ह्या माणसाला त्यासाठी विमानात बसायचं होतं. तिकिटं कशी काढली ते सांगत बसत नाही, शिळफाट्याजवळचं शेत आता दुसऱ्याच्या नावावर आहे एवढं पुरे. माझा एक मावसभाऊ तिकडे कारखान्यात होता, त्याच्याकडे उतरायचं ठरलं. मुलाला मी कळवलं. त्याचं उत्तर आलं, की इतक्या लांब कशाला येता, इथे कुणाचे आईवडील येत नाहीत. ते पत्र मी मोठ्याने वाचलं नाही.

ह्यांनी जन्मात पहिल्यांदा पँट शिवून घेतली. डोक्यावर टोपी तीच. खिशात एक कागदाची पुडी होती. मुंबईला विमानतळावर ती पुडी उघडायला लावली, तेव्हा मला कळलं की आत गुलाल आहे. तपासणारा आमच्याकडे बघून हसला आणि जाऊ दिलं. मी विमानात विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, "पोराला कोन लावनार? तितला सायेब?" नंतर सगळा प्रवास खिशावर हात ठेवून बसले होते.

शर्यतीच्या दिवशी सकाळी मावसभावाने आम्हाला तलावाच्या फाटकाशी सोडलं आणि तो कामावर गेला, संध्याकाळी न्यायला येतो म्हणाला. मुलाची गाठ आदल्या दिवशी पडली नव्हती, त्याला बाहेर सोडत नाहीत असा निरोप होता. तलाव लांबलचक, पट्टीने आखल्यासारखा. फाटकाजवळ एक मोठी पाटी होती आणि तिच्यावर तलावाचं चित्र. एका टोकाला आडवी रेघ, दुसऱ्या टोकाला खुर्च्यांच्या रांगा आणि झेंडे, मध्ये एकाच दिशेने जाणारा बाण.

मी वीस वर्षं चौथीच्या पोरांना नकाशा वाचायला शिकवला आहे. ती पाटी मला कळली. अक्षर कळलं नाही तरी चित्र कळलं. शर्यत कुठे सुटते, कुठे संपते आणि आपण कुठे बसायला हवं, सगळं कळलं. आणि हे उलट्या दिशेला चालायला लागले.

मी म्हटलं, "लोक तिकडे चाललेत." ह्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. म्हणाले, "लोकांना काय कळतं? मालकानं सुटल्या जागी ऱ्हायाचं. गाडी येते तितंच." एरवी मी वाद घातला असता. शाळेत तपासणीला आलेल्या साहेबाशी मी वाद घातलेला आहे. पण त्या दिवशी, त्या थंडीत, साडीवर स्वेटर घालून उभी असताना माझ्या मनात आलं, असू दे. तीस वर्षं हा माणूस म्हणेल तिथे सगळ्यांनी उभं राहायचं. माझ्या पोराला ह्याने घराबाहेर काढलं. आज एकदा तरी ह्याला कळू दे की जगात दुसऱ्यालाही काही कळतं. परत कुणी येणार नाही, हा ताटकळत उभा राहील, आणि मग माझ्याकडे वळून विचारेल. मला ते बघायचं होतं. मुलाची शर्यत बघण्यापेक्षा त्या घटकेला मला ते जास्त हवं होतं. म्हणून मी गप्प बसले आणि मागे मागे चालत गेले.

सुटायच्या जागी आमच्याखेरीज काठावर कुणी नव्हतं. होड्या एकेक येऊन रांगेत लागल्या. मुलगा आम्हाला अगदी जवळून दिसला. सहा वर्षांत ह्यांनी त्याला पाहिलं नव्हतं. ह्यांनी टोपी सारखी केली. मुलाचंही लक्ष गेलं. त्याचं तोंड आमच्याकडेच होतं, कारण होडीत तसंच बसतात. इशारा झाला, होड्या सुटल्या आणि ह्यांनी हाक दिली. तीच, जोडीला देत ती. शेजारच्या झाडावरचे पक्षी उडाले. होडी आमच्यापासून लांब लांब गेली, पण पोराचं तोंड आमच्याकडे राहिलं. दिसेनासा होईपर्यंत तो आमच्याकडे बघत वल्ही मारत होता. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही ह्यांना भान नव्हतं.

मग हे उभे राहिले. पुडी हातात घेऊन. दुसऱ्या होड्या आल्या, सुटल्या. आणखी आल्या, त्याही गेल्या. "येतील," हे म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "वळसा मोठा आसंल." ज्या घटकेची मी वाट बघत होते ती समोर आली होती, पण मला वाटलं होतं तसं काही सुख झालं नाही. मी म्हटलं, "परत येत नाहीत ह्या. तिकडेच संपतं." हे माझ्याकडे वळले. "तुला कोनी सांगितलं?" मी म्हटलं, आत्ता मागून गेलेल्या एका माणसाच्या खुणेवरून कळलं. मागून कुणीच गेलं नव्हतं. ह्यांचे डोळे सगळा वेळ पाण्यावर होते, ह्यांनी विश्वास ठेवला.

काठाकाठाने दोन किलोमीटर चालत गेलो. बूट लागत होते म्हणून ह्यांनी ते हातात घेतले. पोचलो तोवर बक्षिसं वाटून झाली होती आणि खुर्च्या रिकाम्या होत होत्या. मुलाची होडी सर्वांत शेवटी आली होती. तो आणि त्याचे तिघे साथीदार उलटी घातलेली होडी पुसत होते, त्यांचा साहेब बाजूला उभा होता. आमचा मुलगा लहानपणापासून बापाला अरे-तुरेच करायचा, आमच्याकडे तीच पद्धत. हे त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, एका हातात बूट, दुसरा पुडीच्या खिशात. त्याने वर पाहिलं आणि सगळ्यांसमोर, परक्याशी बोलावं तसं म्हणाला, "कशाला आलात तुम्ही? तुमची हाक कानात शिरली आणि माझा हात चुकला. वल्हं अडकलं. चौघांचं वाटोळं झालं."

साथीदारांना मराठी कळत नसावं, पण ते काम थांबवून बघत होते. ह्यांचा खिशातला हात खिशातच राहिला. "चुकलं रं माजं," हे म्हणाले.

सगळ्या जन्मात ह्यांच्या तोंडून हे शब्द मी एकदाच ऐकले. घरातून हे ते शब्द घेऊनच निघाले होते, सहा वर्षांपूर्वीच्या बोलण्यासाठी. ते भलत्याच गोष्टीसाठी वापरून झाले. दुसऱ्यांदा म्हणायचं बळ ह्यांच्यात नव्हतं. मुलगा पुन्हा होडी पुसायला लागला आणि आम्ही फाटकाशी जाऊन मावसभावाची वाट बघत बसलो.

घरी परतल्यावर गावाने विचारलं, कितवा आला? हे सांगत, माज्यामुळं गेली शर्यत. लोक हसण्यावारी नेत, हे नेत नसत. त्याच हंगामात ह्यांनी नादाची जोडी विकून टाकली. मला सगळ्यांत जास्त खुपलं ते हे, की त्या दिवसापासून ह्यांनी हाक मारणं सोडलं. चहा हवा असला तरी बांधावरून चालत घरापर्यंत यायचे, दारात उभे राहायचे आणि हळू आवाजात सांगायचे. चिखलाचे पाय घेऊन इतक्या लांब आलात कशाला, हाक मारायची ना, असं मी म्हटलं की म्हणायचे, "नको. कोनाचं काय चुकंल, काय सांगावं." ज्या हाकेला मी आयुष्यभर वैतागले होते, ती ऐकू यावी म्हणून मी परसात कान देऊन उभी राहायला लागले. तोंड एकदा दिसलंच होतं, म्हणून मुलगा आता घरी यायचा. दोघं समोरासमोर जेवायचे आणि पावसापाण्याचं बोलायचे.

अशी चार वर्षं गेली. एका सकाळी हे शेतावर गेले आणि जेवायला आले नाहीत. मी बघायला गेले तर बांधाला टेकून बसलेले, हात छातीशी. अंग गार पडलं होतं. मी सकाळभर परसात भांडी घासत होते, मध्ये दोन शेतांचं अंतर. डॉक्टर म्हणाले, एका क्षणात झालं असेल, हाक मारायलाही सवड मिळाली नसेल. मला ते पटलेलं नाही.

तेराव्यानंतर मुलाने बापाची ट्रंक काढली. कपड्यांच्या तळाशी ती पुडी सापडली. त्याने उघडून विचारलं, हा गुलाल इथे कशाला? मी सांगितलं. कुठून कुठे गेला, कुणासाठी गेला, कसा परत आला, सगळं. लोण्याच्या डब्याचंही सांगितलं. तो ट्रंकेसमोर बसकण मारून बसला आणि गावाकडच्या आपल्या जुन्या बोलीत बोलला, जी मी त्याच्या तोंडून किती वर्षांत ऐकली नव्हती. "आये, हाकेनं काय नाय झालं. वल्हं आडाकलं ते पार शेवटाला, थोडंच ऱ्हायलं व्हतं तवा. बा सुरवातीला दिसत व्हता. लांबपतूर दिसत व्हता. बरं वाटत व्हतं गं मला."

"मग तसं का बोललास?"

"समदे माज्याकडं बगत व्हते. कोनावर तरी घालायचं व्हतं."

मी म्हटलं, "मला काय सांगतोस? सांगायचं त्याला होतं." तो रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही.

तेव्हा माझ्याही तोंडापर्यंत आलं होतं. की मी ती पाटी वाचली होती. की मी एका शब्दाने ह्यांना वळवून खुर्च्यांकडे नेलं असतं, तर वल्हं कुठे अडकलं ते आम्ही दोघांनी आमच्या डोळ्यांनी पाहिलं असतं. मग तुला हाकेवर घालता आलं नसतं, आणि हा माणूस त्या बांधाला टेकून गप्प मेला नसता. एवढंच सांगायचं होतं. त्याने निम्मं ओझं खाली ठेवलं असतं.

मी सांगितलं नाही. बापाने चार वर्षं एकट्याने वाहिलं, आता ह्याने वाहू दे, असं माझ्या मनात आलं आणि मी ते मनातून काढलं नाही. त्याने पुडी मागितली, मी दिली. दर सुट्टीत तो येतो, बांधावर जाऊन बसतो, आणि येऊन मला विचारतो, आये, बाने मला माफ केलं असेल का गं? मी त्याचं ताट वाढते आणि म्हणते, जेवून घे.